दंडावरची खसखस

माझी त्वचा कोरडी आहे असं मुंबईत सांगितलं, की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग स्वतःच्या भिजलेल्या शर्टाकडे. जिथे जूनमध्ये डब्यातल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे हिचं अंग तेवढं कोरडं! पण रोज नऊ तास ऑफिसातल्या एसीखाली बसून बघा. रिमोट कायम सगळ्यात जास्त उकडणाऱ्या माणसाच्याच हातात असतो.

त्यात माझ्या दोन्ही दंडांवर मागच्या बाजूला खसखस पेरलेली आहे. हात फिरवला की थेट अनारसा. याला केराटोसिस पायलॅरिस म्हणतात हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं. तोवर ते पित्त होतं, घामोळं होतं, उष्णता होती. आत्याच्या मते तर लग्न झालं की आपोआप जाणारं काहीतरी होतं.

खरी परीक्षा लोकलमध्ये. भांडुपला चढून वरची कडी धरली, की माझा दंड शेजारणीच्या बरोबर नाकासमोर येतो. विक्रोळीपर्यंत ती चोरून बघते, घाटकोपरला उघड बघते आणि कुर्ल्याला विचारते, "अहो, हे पसरतं का?" पसरत नाही, लागत नाही, हे सांगून मी नावावर येते. ‘केराटोसिस’पर्यंत पोचते तोच दादर येतं, आणि ती बाई अर्धाच शब्द घेऊन घाईघाईने उतरते. एकीने तर बोट लावून खात्री केली. म्हणाली, "सोललेल्या कोंबडीसारखं लागतंय." तिची माहिती अचूक होती, त्यामुळे भांडताही आलं नाही.

आजीचा मात्र एकाच शस्त्रावर विश्वास होता: वज्री. एका नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून झाल्यावर तिने टाचांची वज्री माझ्या दंडांवर चालवली. नरकासुर मेला. खसखस जागच्या जागी राहिली आणि दंड तेवढे भाऊबीजेपर्यंत लालेलाल.

शेवटी आईला घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. केसाच्या छिद्रात केराटिन, म्हणजे त्वचेतलंच एक प्रथिन, साचून त्याचं बूच बसतं, डॉक्टरबाईंनी सांगितलं. निरुपद्रवी आहे. कायमचं जाईल असं औषध नाही, पण आटोक्यात राहतं आणि वयाबरोबर पुष्कळांचं कमी होतं. घासायचं अजिबात नाही. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, टॉवेलने नुसतं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच क्रीम चोपडायचं. आमच्याकडे बाथरूम एक आणि माणसं पाच. मी ओलसर दंडाला क्रीम लावत असते तेव्हा बाहेरून बाबा दार वाजवत असतात.

क्रीममध्ये युरिया असतो हे त्यांना कळलं त्या दिवशी घरात कृषिप्रदर्शन भरलं.

"युरिया? तो आम्ही भाताला टाकायचो. किती टक्के आहे?"

"वीस."

"हॅ! गोणीवर शेहेचाळीस टक्के नत्र लिहिलेलं असतं." आणि माझ्या दंडावर आता लोंब्या कधी धरतात अशा नजरेने ते बघू लागले. दुसऱ्या ट्यूबमध्ये लॅक्टिक अ‍ॅसिड. त्यावर आई म्हणाली, "म्हणजे दहीच की! दह्याला एवढे पैसे?"

पण फरक पडला, हे कबूल करायला हवं. दीडेक महिन्यात अनारशाची चकली झाली, म्हणजे काटे उरले पण विरळ. मग मी हुरळून क्रीम बंद केलं आणि काही आठवड्यांत खसखस परत हजर.

डॉक्टरांनी तेव्हा एक प्रश्न विचारला होता, "घरात आणखी कुणाला आहे? हे बहुतेकदा आईवडिलांकडून येतं." मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "छे, आमच्यात कुणाला नाही."

ट्यूब मी नेहमी शेपटाकडून गुंडाळत आणते. गेला महिनाभर ती मला मधोमध दाबलेली सापडते आहे. आणि आता आठवतं, किती फॅशनी आल्या नि गेल्या, आईने शिंप्याला कायम एकच सांगितलं: बाही कोपरापर्यंत.

परवा विचारलंच.

"टाचांना लावते गं थोडं," आई म्हणाली, आणि दंडावरून पदर ओढून घेतला.