डिग्री बघून क्वालिटीचा माणूस ओळखता येत नाही
लेखात म्हटलंय की क्वालिटी कन्सल्टंट, म्हणजे कारखान्याला मालाच्या दर्जाबद्दल सल्ला देणारा माणूस, निवडताना आधी त्याचं मॅनेजमेंटचं शिक्षण आणि सर्टिफिकेटं बघा, हे काही पटलं नाही बुवा. या क्षेत्रातली मोठी नावं बघा ना, शूहार्ट मूळचे फिजिक्सवाले, 1924 मध्ये त्यांनी पहिला कंट्रोल चार्ट (मोजमापं मर्यादेत आहेत का ते दाखवणारा आलेख) मांडला, डेमिंग यांची पीएचडी पण गणिती फिजिक्समधली आणि 1950 ला जपानमध्ये गाजलेली लेक्चर्स द्यायच्या आधी ते जनगणनेच्या खात्यात सॅम्पलिंगचं काम करायचे, इशिकावा केमिस्ट्रीवाले, आणि जुरान तर इंजिनिअर असून नंतर कायद्याची डिग्री घेऊन बसले! यातलं एमबीए कोण सांगा. ब्लॅक बेल्ट (सिक्स सिग्मा या क्वालिटीच्या पद्धतीचं सर्टिफिकेट) वगैरे ठीक आहे, टूल्स तरी कळतात, पण ऑडिटला आलेला माणूस फक्त फाइली चाळतो की मशीनपाशी जाऊन ऑपरेटरला विचारतो, हे रीडिंग तू कधी लिहिलंस, आत्ता की शिफ्ट संपताना सगळी एकदम, यात खरा फरक कळतो. चार्टवर सगळे पॉइंट अगदी मधल्या रेषेला चिकटलेले दिसले की मुरलेल्या माणसाला लगेच शंका येते, कारण खरी रीडिंग्ज थोडीफार वरखाली होतातच, नवखा मात्र वा छान म्हणून सही करून मोकळा. त्यामुळे बायोडेटामध्ये आधी शॉप फ्लोअरवर किती वर्षं काढली ते बघा, कोर्सेस नंतर.