सर्दी गार वाऱ्यातून नव्हे, माणसाकडून येते

पावसाळा सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर सर्दीविषयीचा एक लांबलचक संदेश हमखास फिरू लागतो. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: ओले केस, गार वारा आणि केळी-दह्यासारखे ‘थंड’ पदार्थ यांमुळे सर्दी होते, शेंबूड पिवळा झाला की अँटिबायोटिक सुरू करावे, रोज ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर सर्दी फिरकत नाही, आणि वाफाऱ्याने नाकातले विषाणू मरतात. संदेश आपुलकीनेच पाठवला जातो. मात्र त्यातली बहुतेक विधाने फार पूर्वीच तपासून झाली आहेत.

पहिला मुद्दा गारठ्याचा. सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिला कारणीभूत ठरणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा असून त्याचेच १६०हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. म्हणूनच एकदा सर्दी होऊन गेली तरी पुढच्या वेळी तिच्यापासून संरक्षण मिळेलच असे नाही. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी येथे १९४६ पासून १९९० पर्यंत केवळ सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र चालवले जात होते. तेथे काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून, ओल्या पोहण्याच्या कपड्यांतच वारा वाहणाऱ्या बोळात अर्धा तास उभे केले गेले आणि नंतरही काही तास ओले मोजे घालायला लावले. ती माणसे कुडकुडली, वैतागली. परंतु ज्यांच्या नाकात विषाणू सोडलेला नव्हता, त्यांच्यापैकी कोणालाही सर्दी झाली नाही.

तरीही गारठ्याचा काहीच संबंध नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. ब्रिटनमधील कार्डिफ येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९० जणांनी वीस मिनिटे पाय गार पाण्यात ठेवले आणि ९० जणांनी रिकाम्या भांड्यात. पुढच्या काही दिवसांत पहिल्या गटातील १३ जणांनी, तर दुसऱ्या गटातील ५ जणांनी सर्दीची लक्षणे सांगितली. मात्र त्यांच्या नाकातील विषाणूंची तपासणी झालेली नव्हती. २०१५ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या श्वसनमार्गातील पेशींवर काम करून दाखवले की, ३७ अंशांपेक्षा ३३ अंश सेल्सिअसला या पेशींचा विषाणूविरोधी प्रतिसाद दुबळा पडतो, आणि आपल्या नाकाच्या आतले तापमान साधारण ३३ अंशच असते. तेव्हा आजी ‘डोकं पूस’ म्हणते त्यात वावगे काही नाही. गारठा आधीच शिरलेल्या विषाणूला हातभार लावत असेलही, पण विषाणू निर्माण करू शकत नाही.

केळी आणि दह्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण या पदार्थांमुळे सर्दी होते याला आधार नाही. घसा दुखत असताना फ्रिजमधले पदार्थ नकोसे वाटत असतील तर ते खाऊ नयेत, इतकेच.

पिवळ्या शेंबडाचा मुद्दा मात्र अपायकारक आहे. संसर्गाशी लढायला नाकात गोळा झालेल्या पांढऱ्या पेशींमधील हिरवट द्रव्यामुळे तो रंग येतो. साध्या सर्दीतही दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट आणि पिवळा होतोच. अँटिबायोटिक जिवाणूंवर काम करते, विषाणूंवर नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकण्यास मनाई असूनही मेडिकलच्या दुकानात ‘सर्दीवर काहीतरी द्या’ म्हणताच त्याची पट्टी हातात पडते, आणि सर्दी आठवड्याभरात आपोआप बरी झाली की श्रेय त्या पट्टीला मिळते.

‘क’ जीवनसत्त्वाचा बोलबाला रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे वाढला. २०१३ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असे दिसले की रोज गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांत सर्दीचे प्रमाण घटत नाही. प्रौढांत तिचा कालावधी सुमारे आठ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत अर्धा दिवस वाचतो. मॅरेथॉन धावपटूंसारख्या अतिश्रम करणाऱ्यांत मात्र प्रमाण निम्म्यावर आले होते. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्याचा ठोस फायदा आढळलेला नाही.

वाफाऱ्याने चोंदलेल्या नाकाला थोडा वेळ बरे वाटू शकते, पण विषाणू पेशींच्या आत असतो आणि त्याला मारण्याइतकी उष्णता नाकाचे अस्तरही भाजून काढेल. उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना घडतात. लहान मुलांना वाफारा देऊच नये.

या संदेशात हातांचा उल्लेख कोठेही नाही, आणि माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. सर्दी झालेला माणूस नाक पुसतो, त्याच हाताने दाराची कडी किंवा मोबाइल धरतो. दुसरा तेथे हात लावतो आणि नकळत स्वतःचे डोळे चोळतो. हा विषाणू हातावर काही तास टिकतो. शिंका-खोकल्यातून आणि जवळ बसून बोलण्यातूनही तो पसरतो. ऱ्हायनोव्हायरसला सॅनिटायझरने विरघळणारे स्निग्ध आवरण नसल्यामुळे सॅनिटायझरवर विसंबण्यापेक्षा साबण लावून वीस सेकंद हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुणे अधिक भरवशाचे. पहिले दोन-तीन दिवस संसर्ग सर्वाधिक पसरतो; त्या काळात मुलाला शाळेत न पाठवणे आणि तान्ह्या बाळाचे मुके न घेणे, हे शेजाऱ्यांवर उपकार आहेत.

शाळकरी मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे. परंतु श्वास जलद चालणे, छाती आत ओढली जाणे, बाळाने दूध-पाणी सोडणे, ताप तीन दिवसांहून अधिक राहणे किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा बिघडणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. घरात उरलेले सर्दीचे सिरप मुलांना देऊ नये. सर्दीच्या औषधांत असणाऱ्या क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत.