चष्म्याच्या घरातली चिठ्ठी

आज दुपारी बाबांना घेऊन साताऱ्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेतून परत आलो, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बारा दिवसांपूर्वी ते पेन्शनचे आठ हजार रुपये काढायला एटीएमवर गेले होते. यंत्र घरघरले, नोटा आल्या नाहीत आणि रक्कम मात्र खात्यातून वजा झाली. यंत्रातून निघालेली व्यवहाराची चिठ्ठी त्यांनी घडी घालून चष्म्याच्या घरात जपून ठेवली आहे. तिच्यावरची शाई आता पुसट होऊ लागली आहे. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने ती हातातही न घेता सांगितले, "ॲपवर तक्रार टाका." बाबांचे वय ७८ आहे आणि त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी आणि त्यानंतर दर दिवसाचे १०० रुपये ग्राहकाने न मागता त्याला मिळायला हवेत. म्हणजे आज बाबांचे ७०० रुपये झाले. मी हे सांगितल्यावर "वरून येईल" एवढेच उत्तर मिळाले.

माझे खाते खासगी बँकेत आहे. तिथे तक्रार दोन मिनिटांत नोंदवली जाते, पण भेटायला माणूस नाही. फोन येतो तो विमा विकण्यासाठी. आत्याचे खाते सहकारी बँकेत आहे. तिचे पैसे असेच अडकले, तेव्हा तिथल्या क्लार्कने तिला बसवून घेतले आणि तिच्यासमोरच मुख्य कार्यालयाला फोन लावला. आता, सहकारी बँकांची ॲप यथातथाच असतात आणि निर्बंध आलेल्या काही बँकांनी ठेवीदारांना रडवले आहे, हेही खरेच. रात्री अकरा वाजता यूपीआयने पैसे पाठवतो तो मीच, तेव्हा पुन्हा रांगेचे दिवस यावेत असे मी म्हणणार नाही. पण सेवा चांगली की वाईट हे पैसे अडकले की कळते, आणि त्या वेळी समोरच्या माणसाने ती चिठ्ठी हातात घेऊन वाचावी, एवढीच बाबांची अपेक्षा होती.

लिहिता लिहिता आठवले, त्या अधिकाऱ्याच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्याच्यापुढे तीसेक माणसे उभी होती. त्या पोराचाही दोष किती धरायचा?

बाबांनी आत्ताच विचारले, "उद्या किती वाजता निघायचं?" मी त्या चिठ्ठीची झेरॉक्स काढून आणली आहे आणि तक्रारीचा अर्ज हाताने लिहितो आहे. उद्या पोच घेतल्याशिवाय आम्ही काउंटरवरून हलणार नाही.