अमळनेर एका तासात आटोपणारे गाव नाही

जळगाव जिल्ह्यातील अमळनेरविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. साने गुरुजी इथलेच, ‘श्यामची आई’ त्यांनी इथेच लिहिली, देशातील एकमेव मंगळ मंदिर इथे आहे, विप्रोची संगणक कंपनी इथे जन्मली, तिच्या शेअरमुळे घरोघरी करोडपती आहेत, आणि मंदिर सोडले तर पाहण्यासारखे काही नसल्याने एक तास पुरतो, असे त्यात म्हटले आहे. मजकूर गावाच्या कौतुकाचा असला तरी त्यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि गावाचे जे खरे मोठेपण आहे ते त्यात आलेलेच नाही.

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगडचा, आणि ‘श्यामची आई’ त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. अमळनेरशी त्यांचे नाते शिक्षकाचे आहे. 1924 ते 1930 या काळात ते प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढत होते. 1930 च्या सत्याग्रहासाठी त्यांनी ही नोकरी सोडली. जन्मगावापेक्षा हे नाते मला अधिक मोलाचे वाटते.

मंगळ मंदिर श्रद्धेचे आणि सुव्यवस्थित आहे, पण एकमेव नाही; उज्जैनचे मंगळनाथ प्रसिद्धच आहे.

विप्रोचे विधान अर्धे खरे आहे. डिसेंबर 1945 मध्ये महंमद हाशम प्रेमजी यांनी स्थापन केलेल्या ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’चा, म्हणजे आजच्या विप्रोचा, कारखाना अमळनेरात उभा राहिला, पण तिथे निघत होते ते खाद्यतेल आणि वनस्पती तूप. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी सूत्रे घेतली, आणि संगणकाचा व्यवसाय त्यानंतर कितीतरी वर्षांनी बंगळुरूत वाढला. कंपनीचे शेअर जपून ठेवणाऱ्या काही कुटुंबांचे भाग्य उजळले हे खरे; मात्र त्यावरून घरोघरी करोडपती म्हणणे हा इथल्या शेतकऱ्यावर अन्याय आहे. याच तालुक्यातील पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्प दोन दशकांहून अधिक काळ रखडला असून कापूस पिकवणारा कोरडवाहू शेतकरी आजही पावसाकडेच डोळे लावून असतो.

‘पाहण्यासारखे काही नाही’ हे विधान सर्वांत चुकीचे आहे. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. सरकी, गासड्या आणि मजुरी यांच्या हिशेबात बुडालेल्या गावात वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था काढावी, अभ्यासकांना राहण्याची आणि वाचनाची सोय करावी, हे त्या काळी धाडसाचेच होते. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ तिथे संचालक म्हणून येऊन गेला, घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी तिथेच अविद्येच्या, म्हणजे वेदान्तातील अज्ञानाच्या, प्रश्नावर परस्परांशी वाद घातला, आणि तो 1933 मध्ये ग्रंथरूपाने छापला गेला. शाळेत रुजू होण्यापूर्वी साने गुरुजी अमळनेरला आले तेही याच संस्थेत. आज तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही या संस्थेचे नाव क्वचितच ठाऊक असते, याची खंत वाटते.

बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाख शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते, त्या दिवसांत खानदेशभरातून लोक लोटतात, आणि आषाढीला संस्थानची दिंडी पंढरपूरला जाते. साहित्य संमेलन इथे 1952 मध्ये झाले, आणि 97 वे संमेलनही फेब्रुवारी 2024 मध्ये इथेच भरले. सुरत-भुसावळ मार्गावरील रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्याने वैशाखातील यात्रेचे दिवस निवडावेत, बोरीकाठी जावे आणि तत्त्वज्ञान मंदिरासाठी एक सकाळ वेगळी ठेवावी.