निसर्गाकडे हळूहळू, माझ्या कुरडयांवरून

घर नैसर्गिक करायचंय? विषमुक्त? पर्यावरणपूरक? मग अगदी योग्य ठिकाणी आलात. गेल्या मंगळवारपासून मी या विषयातली जाणकार आहे. त्या दिवशी सकाळी साडेनऊला माझ्या ग्रिलमध्ये वाळत घातलेल्या कुरडयांवर वरच्या मजल्यावरून एक तपकिरी धार लागली, आणि त्या धारेबरोबरच मला ज्ञानप्राप्ती झाली.

तीन दिवस गहू भिजवला होता. रोज पाणी बदललं, वाटला, चीक काढला, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतलं, पहाटे पाचला उठून हिंग-मीठ घालून शिजवला आणि हाताला चटके बसत असताना सोऱ्यातून पाडला. ग्रिलमध्ये का, गच्चीवर का नाही, असं विचारणाऱ्यांनी एकदा कुठल्याही सोसायटीत राहून बघावं. गच्चीवर सोलर आहे आणि किल्ली चेअरमनकडे आहे.

मी वर गेले. पोरगी चांगली आहे हो, हसतमुख, मला काकू म्हणते. म्हणाली, "काकू, ते घाण पाणी नाहीये काही. कंपोस्टचं लीचेट आहे, खतातून झिरपलेलं पाणी. लिक्विड गोल्ड! दहापट पाणी घालून कुंडीला द्या, तुळस बघा कशी फोफावते." मी विचारलं, कुरडयांना द्यायचं असेल तर प्रमाण काय? तिला काही टोचलं नाही. तिने मला आत बसवलं, तांब्याच्या पेल्यातून पाणी दिलं आणि पाऊण तास समजावलं की एकदम सगळं जमत नाही, हळूहळू सुरुवात करायची असते. तो पाऊण तास वाया जाऊ नये म्हणून तुमच्यासाठी हा उपदेश.

सुरुवात खरेदीपासून करा. निसर्गाकडे जायचं तर आधी ऑनलाइन दुकानात जावं लागतं. तुमच्या फळीवर वीस वर्षांपूर्वीचे प्लास्टिकचे डबे असतील, झाकणं अजून घट्ट, शेंगदाण्याच्या डब्यावर सासूबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी. तिथेच तर चुकतंय तुमचं. ते काढा आणि लाकडी झाकणांच्या काचेच्या बरण्या मागवा. बरण्या फुटू नयेत म्हणून त्या फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून येतील, प्लास्टिक खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी, वर पुन्हा एक पिशवी. फुगे एकेक करून फोडत बसा. त्याने मन शांत होतं.

दात घासायला बांबूचा ब्रश घ्या. बांबूचा दांडा मातीत मिसळतो. केस बहुतेक ब्रशांचे नायलॉनचेच असतात, पण माणसाने चांगलं ते बघावं.

कागदी कपात चहा प्या. आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ते दिसत नाही, म्हणजे नसतंच.

कापडी पिशव्या भरपूर घ्या. घरात पिशव्यांची पिशवी आधीच दाराआड लटकतेय हे कारण सांगू नका. त्या पिशव्यांवर साडीच्या दुकानाचं आणि कुणाच्या तरी मुंजीचं नाव आहे, "मी प्लास्टिक नाही" असं कुठे लिहिलंय? नवी सेंद्रिय सुती पिशवीच हवी. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली हिशेब मांडला होता. पाणी, हवा, ओझोन असे सगळे परिणाम धरले तर सेंद्रिय कापसाची पिशवी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा बरी ठरायला सुमारे २०,००० वेळा वापरावी लागते. रोज एकदा मंडईत गेलात तरी पंचावन्न वर्षं होतात. माझ्या सासूबाईंनी जुन्या परकराची शिवलेली पिशवी अजून गव्हाचं ओझं पेलते. तिच्याबद्दल डेन्मार्कला कुणी कळवलेलं दिसत नाही.

त्याच २०१८ साली आपल्याकडे प्लास्टिकबंदी आली. पहिल्यांदा सापडलात तर ५,००० रुपये दंड. बंदीचं पुढे काय झालं ते तुमच्या भाजीवाल्याला विचारा, तो उत्तर काळ्या पिशवीत घालून देईल. दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार असंही तेव्हा ऐकलं होतं. मी अजून पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवते. पैसे कुणाकडे मागायचे तेवढं कळलं की बरं होईल.

आता साफसफाई. सगळ्या बाटल्या फेका, खायचा सोडा घ्या, व्हिनेगर घ्या आणि दोन्ही एकत्र करून मोरीत ओता. फस्सकन फेस येतो. फेस आला की आपल्याला वाटतं, काय स्वच्छ होतंय! दहावी झालेल्या कुठल्याही मुलाला विचारा. एक आम्ल, एक अल्क, दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं किंचित सोडियम ॲसिटेट असलेलं पाणी. म्हणजे खारट पाण्याचा चुलतभाऊ. वेगवेगळे वापरलेत तर दोघंही कामाचे आहेत. बोअरच्या पाण्याचे नळावरचे पांढरे डाग व्हिनेगरने सुटतात, ओट्याचा चिकटपणा सोड्याने घासून निघतो. पण वेगवेगळे वापरले की फेस येत नाही ना, मग व्हिडिओत काय दाखवणार?

घरी बायोएन्झाइमही करा, म्हणजे सालं मुरवून केलेलं सफाईचं पाणी. एक भाग गूळ, तीन भाग लिंबा-संत्र्याची सालं, दहा भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. सुरुवातीला रोज झाकण सैल करून आतला वायू सोडावा लागतो, म्हणून सुट्टीला जाताना बाटल्या खालच्या काकूंकडे ठेवून जा आणि झाकणाबद्दल काही बोलू नका. माझ्या स्वयंपाकघराच्या छतावरचा डाग बघायला केव्हाही या.

ओला कचरा, सुका कचरा वेगळा ठेवा. घंटागाडीत डोकावू नका.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक. धोतराही नैसर्गिकच. सोसायटीच्या बागेत पिवळी कण्हेर आहे, तिचा काढा अजून कुणी कसा सुचवला नाही?

खिडक्या लावून घ्या आणि "केमिकलविरहित" धूप लावा. शेण्यांचा आणि कापराचा धूर फुप्फुसांना ओळखीचा असतो, तो त्रास देत नाही.

पितळेची भांडी तर हवीतच. पुण्यात तांबट आळीत जा, ठोक्याची भांडी बघून डोळे निवतात, यात मस्करी नाही. पण मग त्याला कल्हई लागते. बिनकल्हईच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली की कळकते, हे आमच्या पिढीला शिकवावं लागत नव्हतं, एकदा खाल्लं की कळायचं. कल्हईवाला तेव्हा दारावर ओरडत यायचा. भाता, निखारे, नवसागराचा तो पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील असं चकाकायचं की आम्ही पोरं भांड्यात तोंड बघायचो. आता त्याला शोधायला पेट्रोल जाळून अर्धं शहर ओलांडावं लागतं. वरच्या पोरीने सोपा मार्ग काढलाय. पितळेची भांडी तिने दिवाणखान्यात टांगलीयत आणि चहा विजेच्या किटलीत होतो. माठही दिवाणखान्यातच आहे, शेजारी दोन दारांचा फ्रिज. आणि तीन एसी. एसीचं पाणीही माझ्याच ग्रिलवर पडतं, तेव्हाही ती म्हणाली होती, "काकू, ते तर अगदी शुद्ध असतं, बादलीत धरा, फरशी पुसा." या घरातून माझ्यावर जे जे पडतं ते सगळं उपयोगीच असतं.

रिठे आणा. भिजवा, उकळा, चोळा, गाळा. रिठ्यात सॅपोनिन असतं म्हणून फेस होतो, आजी केस धुवायची आणि रेशमी साड्याही. पण तेलकट कढई रिठ्याच्या पाण्याने दोनदा घासावी लागते. पावडर बंद, तारेची घासणी बंद, नारळाची शेंडी सुरू. पितळ चिंचेने, तांबं लिंबाने. आता एक प्रश्न, आणि तो या सगळ्या उपदेशात मला कुठेच लिहिलेला सापडत नाही. हे घासतं कोण?

मावशी घासतात. आमच्या दोघींकडे त्याच येतात. आधी वर, मग खाली. पूर्वी साडेदहाला यायच्या, आता सव्वाअकरा होतात. निसर्गाला पाऊण तास जास्त लागतो. मी त्या पोरीला विचारलं, पगार किती वाढवलास? ती म्हणाली, "अहो काकू, पण केमिकल नाही ना त्यात, त्यांच्याच हातांना चांगलं ते." बरं झालं बाई सांगितलंस. बिल महिनाअखेरीला मावशींनीच द्यायचं का मग?

आणि आता शेवटची पायरी, जुन्या वस्तूंचं काय करायचं ते. लेप उडालेले नॉनस्टिकचे तवे, मेलामाइनच्या ताटल्या, ते सगळे डबे, अर्ध्या उरलेल्या फिनाइलच्या आणि फवाऱ्याच्या बाटल्या असं सगळं दोन मोठ्या पिशव्यांत भरा आणि हसतमुखाने मावशींना द्या. घर विषमुक्त झालं! फोटो काढा, आधीची फळी आणि नंतरची फळी.

त्या गुरुवारी मावशी पिशव्या घेऊन खाली आल्या. एक तवा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला, मधोमध वाटीएवढा लेप उडालेला. विचारलं, "ताई, चांगला आहे की हो. मग त्यांना का नको?" मी म्हटलं, त्यांना लोखंडी हवा होता. खोटं बोलले. काय सांगणार होते? की त्यांच्या मते यात विष आहे, म्हणून तुम्हाला दिला?

आता मला हसत हसत लिहिता येत नाही, सोडा ते.

तुमच्या मुलाच्या डब्यात नको असलेलं विष मावशींच्या नातवाच्या डब्यात चालतं कसं? एक तर त्या वस्तू वाईट आहेत, मग त्या कुणालाच देऊ नका. किंवा त्या चांगल्या आहेत, मग काढल्या कशाला? दोन्हीपैकी एक धरा. खरडलेला तवा भंगारात घाला, कोरडे डबे डाळ-तांदळाला वापरत राहा, गरम आमटी त्यात ओतू नका, एवढंच तर करायचं होतं. त्याला फोटो लागत नाही म्हणून करत नाही तुम्ही. आणि उगाच "या लोकांच्या घरी बघा किती कमी कचरा होतो" असं गहिवरून म्हणू नका. घेता येत नाही म्हणून कमी होतो तो. मावशींना पगारवाढ मिळाली तर त्या आधी कूलर घेतील, आणि घ्यावाच.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. माझ्या मोरीत ॲसिडची बाटली आहे, आणि डास फार झाले की मीही कॉइल लावते. पण मी कुणाला शिकवायला बसत नाही. घरातली वस्तू झिजून जाईपर्यंत वापरायची आणि मोडली की दुरुस्त करायची, आमच्याकडे ते न सांगता चालू होतं, आणि त्यातही मिरवण्यासारखं काही नव्हतं. पैसे नव्हते, म्हणून. पण फेकून नवीन घ्यायचं आणि त्याला साधेपणा म्हणायचं, हा निर्लज्जपणा तरी आम्ही केला नाही.

आणि पोरी, वाचत असशीलच, तर कंपोस्टला माझा विरोध नाही. कर. घरातला निम्मा कचरा ओलाच असतो, तो जिरला तर चांगलंच आहे. पण नीट शिकून कर. बादलीतून धार लागते याचा अर्थ सोनं तयार होतंय असा नसतो. तू उरलेली आमटी आणि कलिंगडाची सालं ओततेस आणि सुकं काहीच घालत नाहीस, म्हणून गळतं. म्हणूनच वास येतो, आणि म्हणूनच आळ्या होतात. नीट जमलेलं खत मुठीत दाबलं तर जेमतेम ओलं लागतं. सुकी पानं विकत आणू नकोस. इमारतीच्या मागे ढीग पडलाय, वॉचमन तो रोज संध्याकाळी सहाला पेटवतो आणि धूर तुझ्याही घरात जातो. दोन टोपल्या उचल, बादलीत थर दे. टोपल्या तू उचल, मावशींना सांगू नकोस.

मी आज रात्री पुन्हा गहू भिजत घातलाय. तीन दिवसांनी चीक निघेल, पाचव्या दिवशी सकाळी ग्रिलमध्ये कुरडया असतील. त्याआधी बादलीखाली ताटली ठेव. तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडची घेऊन जा. प्लास्टिकची आहे, वीस वर्षांची. अजून थेंबभरही गळत नाही.