हळद-लसणीने मानमोडी टळत नाही

माझ्या मावसभावाने यंदाच ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड टाकलंय. त्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, मग लासोटा नाही दिला तर चालेल ना?" लासोटा म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस. मेसेज असा: हळद, लसूण, आलं, तुळस वाटून पाण्यातून द्या. लस नको, अँटिबायोटिक नको, 35 दिवसांत अडीच किलोचा पक्षी, मांसही औषधी.

नाही, चालणार नाही! 'लस नको' लिहिणाऱ्याने मानमोडी शिरलेलं शेड पाहिलेलं दिसत नाही. हिरवट पातळ विष्ठा, घरघर, मग पिळवटलेल्या माना आणि लुळे पाय. रोग विषाणूचा आहे, एकदा आला की त्यावर औषध नाही. लसीमुळे त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हळदीने होत नाहीत. गंबोरो या दुसऱ्या रोगात तर विषाणू बर्सा या अवयवावरच घाला घालतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती जिथे घडते तो अवयवच गेल्यावर लसूण वाढवणार काय? पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे गंबोरोची लस, मग लासोट्याचा बूस्टर. नेमके दिवस तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, पण यातला एकही डोस गाळू नका.

आता 'पाण्यातून'. हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. लसणीचा चोथा आणि हा गाळ मिळून पिल्लांचे पाणी प्यायचे निपल तुंबतात. लाइनच्या टोकाची पिल्लं कोरड्या निपलवर चोच मारत राहतात आणि टाकीत पाणी दिसतंय म्हणून मालक निर्धास्त असतो. उन्हाळ्यात एवढ्यानेही मर लागते.

अडीच किलोचं श्रेय हळदीला कसलं देता? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालच्या वाणांचे पक्षी एकच खाद्य देऊन वाढवले. 2014 मध्ये निकाल छापून आला: 56 दिवसांत वजन अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. खाद्य तेच, फरक वाणाचा. आजचं चांगलं पिल्लू नीट सांभाळलं तर 35 दिवसांत दोन किलोच्या आसपास जातंच.

मांस औषधी होतं म्हणे. त्याला काही आधार नाही, सोडा.

अँटिबायोटिकचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. वाढीसाठी ती वारेमाप वापरली गेली, म्हणूनच युरोपने 2006 पासून तो वापर बंद केला आणि आपल्याकडे 2019 मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. ओव्यातलं थायमॉल, दालचिनीचं तेल प्रयोगशाळेत जिवाणू मारतात. असे वनस्पतींचे अर्क पक्ष्यांना दिल्यावर काही चाचण्यांत खाद्याचं वजनात रूपांतर थोडं सुधारलं, काहींत फरकच पडला नाही.

करून बघायचंच असेल तर लसीकरण पूर्ण ठेवून शेडच्या एका कप्प्यात, खाद्यातून बघा आणि दोन्ही कप्प्यांचं वजन व मर दर आठवड्याला लिहा. कंपनीच्या करारावर असाल तर आधी सुपरवायझरला विचारा. आणि बाजारात खपत नाही म्हणून स्वस्तात मिळणारी बुरशी लागलेली हळद अजिबात नको, तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने पिल्लांचं यकृत जातं.