आमच्या व्हॅलीतल्या माणसांना मूर्ख म्हणू नका

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल लागले त्या रात्री आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मेक्सिकन लोकांनी ट्रम्पला मत दिलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला." खाली हसरे चेहरे. मी तेव्हा गप्प बसले. परवा त्याच ग्रुपवर "आता भोगा म्हणावं" आलं आणि राहवलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षं टेक्ससच्या दक्षिण टोकाला मॅकॲलनमध्ये राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. गुडघा बदललेल्या आज्या, अर्धांगवायू झालेले आजोबा. रिओ ग्रँड नदीच्या अलीकडच्या या सगळ्या पट्ट्याला इथले लोक नुसतं 'व्हॅली' म्हणतात. दहातली नऊ माणसं हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाची. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी कॉफी प्यायले आहे, त्यांची भांडणं ऐकली आहेत.

भिंतीवर ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकन लोकांची मेरी, आणि तिच्या शेजारी लष्करी गणवेशातला मुलगा नाहीतर नातू. आमच्याकडे आपशिंगे मिलिटरीत घरोघरी जवान, तसंच. एखादा भाचा हमखास बॉर्डर पेट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवर घुसखोरी रोखणाऱ्या सरकारी दलात. भारतात हे सांगितलं की लोक चकित होतात, पण बॉर्डर पेट्रोलचे निम्म्याच्या आसपास जवान हिस्पॅनिकच आहेत. इथल्या पोरासाठी चांगल्या पगाराची, पेन्शनची नोकरी म्हणजे तीच.

आणि ही सगळी माणसं काल-परवा सीमा ओलांडून आलेली नाहीत. काही घराण्यांना नदीकाठच्या जमिनीचे पट्टे १७६७ मध्ये स्पेनच्या राजवटीत मिळाले. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर १८४८ च्या तहात नदी हीच सीमा ठरली. घर होतं तिथेच राहिलं, देश बदलला. अशा घरातल्या आजीला 'स्थलांतरितांची मतं' या खात्यात टाकलं तर तिला राग येणारच.

इथून पाऊण तासावर स्टार काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. ९७ टक्के वस्ती हिस्पॅनिक. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मतं होती आणि ट्रम्प यांना १९. २०२४ मध्ये ट्रम्प जवळपास ५८ टक्क्यांवर गेले. १८९२ नंतर पहिल्यांदा त्या काउंटीत रिपब्लिकन उमेदवार जिंकला. आठ वर्षांत आज्या बदलल्या का? जपमाळ तीच, घर तेच. सीमेवरच्या लारेडोचे खासदार हेन्री क्वेयार डेमोक्रॅट असून गर्भपाताच्या विरोधात आहेत आणि २००४ पासून निवडून येत आहेत. म्हणजे मनाने हा भाग आधीपासूनच सनातनी वळणाचा होता. डेमोक्रॅट पक्ष मात्र घरात वारसाहक्काने चालत आलेला.

तो वारसा का सुटला? तेलाच्या नोकऱ्या हे एक कारण. व्हॅलीतली कितीतरी पोरं ईगल फोर्ड आणि पर्मियनच्या तेलक्षेत्रात पंधरा-पंधरा दिवस राबून घरी पैसे आणतात. २०२० च्या शेवटच्या वादसभेत बायडन तेलउद्योगापासून दूर जाण्याबद्दल बोलले, ते त्या घरांनी नीट ऐकलं. मग महागाई, जून २०२२ मध्ये ९.१ टक्के. पण सगळ्यात जास्त बोललं जायचं सीमेबद्दल. सप्टेंबर २०२१ मध्ये सीमेवरच्या डेल रिओ गावी पुलाखाली पंधरा हजारांच्या आसपास माणसं उघड्यावर बसली होती. डिसेंबर २०२३ च्या एका महिन्यात दक्षिण सीमेवर अडीच लाखांच्या आसपास लोक पकडले गेले. दूरच्या शहरात तो आकडा असतो. इथे तो अंगणाच्या मागे असतो.

माझ्या एक पेशंट आहेत, वय ७८. मला 'मिहा' म्हणतात, म्हणजे पोरी. त्यांच्या नवऱ्याला १९८६ च्या रेगन यांच्या कायद्याने कागद मिळाले, त्याच कायद्याने देशभरात सुमारे सत्तावीस लाख लोक कायदेशीर झाले होते. त्या म्हणाल्या, "आम्ही फी भरली, इंग्रजीच्या वर्गाला बसलो, वाट पाहिली. मग नियम फक्त आमच्यासाठीच होता का?" मला याचं उत्तर देता आलं नाही. मी स्वतः ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, आणि रांग मोडणाऱ्याचा राग काय असतो हे आपल्या मराठी लोकांना मी काय सांगावं!

आणखी एक गोष्ट, जी मला फार लागली. विद्यापीठांतल्या शहाण्यांनी या लोकांसाठी 'लॅटिनेक्स' शब्द उचलून धरला, कारण म्हणे 'लॅटिनो' पुल्लिंगी आहे. स्पॅनिशमध्ये मराठीसारखंच प्रत्येक नामाला लिंग असतं. टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. त्यात कुणाचा अपमान नसतो. जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या २०२४ च्या अहवालात जेमतेम ४ टक्के हिस्पॅनिक प्रौढांनी तो शब्द स्वतःसाठी वापरत असल्याचं सांगितलं. उद्या कुणी परक्याने येऊन आपल्याला सांगितलं की तुमचं व्याकरण चुकीचं आहे, तुम्ही स्वतःला काय म्हणायचं ते आम्ही ठरवू, तर आपण त्याला मत देऊ का?

पण २०२५ मध्ये जे चाललं, तेही मला मान्य नाही. सीमा बंद करा म्हणून मत दिलं होतं. ती जवळजवळ बंद झालीही, आणि इथे अनेकांना त्याचं समाधान आहे. मात्र पुढे बांधकामाच्या साइट्सवर इमिग्रेशनवाल्यांच्या धाडी पडल्या, गवंडी कामावर यायचे बंद झाले आणि ठेकेदारच बोलू लागले. ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसमधल्या धाडींवरची बंधनं तूर्त उठवली. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिलं की वंश हे एकटं कारण पुरेसं नाही, पण इतर कारणांबरोबर तो विचारात घेता येतो. इथे वंश आणि भाषा म्हणजे सगळं गाव आलं. सनातनी माणूस कायद्याच्या बाजूने असतो तो कायदा चेहरा बघत नाही म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या पसेइक काउंटीने, जिने २०२४ मध्ये ट्रम्प यांना निवडलं होतं, गव्हर्नरसाठी डेमोक्रॅट मिकी शेरिल यांना मतं दिली. तिथेही हिस्पॅनिक वस्ती मोठी आहे. ही माणसं कुणाच्या दावणीला बांधलेली नाहीत, एवढं तरी दोन्ही पक्षांनी लक्षात घ्यावं.

त्या आजींचा एक मुलगा बॉर्डर पेट्रोलमध्ये आहे. धाकटा गवंडीकाम करतो, इथेच जन्मलेला. त्याला दोनदा अडवलं. आता तो ट्रकमध्ये पासपोर्ट ठेवतो. नाताळात तमालेस, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून वाफवायचा पदार्थ, करायला दोघं एकाच टेबलाशी बसले होते, मीही होते. विषय निघाला, आवाज चढले, आजींनी मक्याच्या पानांचा ढीग दोघांच्या मध्ये ठेवला आणि पानं पुसायला लावली.

मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, पुढच्या वेळी मत कुणाला? पाय उचलून धरत, दहा मोजत त्या म्हणाल्या, "मतं मागायला दारात येऊ दे कुणी, मिहा. आधी धाकट्याबद्दल विचारीन."